राणीचं नाक

“नाक कुठं गेलं ह्या राणीचं?” सोनाराने विचारलं.

“लेकरांनी खाल्लं,” कुशाबाई म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून हसली.

सोनार हसला नाही. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे. तिच्या मुलाला, संभाजीला, ही चेष्टा नाही हे ठाऊक होतं. म्हणून तो काचेच्या कपाटातल्या जोडव्यांकडे बघत राहिला.

बारामतीच्या पेठेतलं दुकान. सकाळची वेळ, गिऱ्हाईक अजून लागायचं होतं. लाल मखमलीवर चांदीचा एक रुपया पडला होता, व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा. मागच्या बाजूची वेलबुट्टी बोटाला लागत होती. पुढच्या बाजूला मुकुटाची कड तेवढी उरली होती, आणि तिच्याखाली चेहऱ्याच्या जागी वापरून वापरून संपत आलेली साबणाची वडी.

आधीचं

संभाजीच्या मुलाने, ऋषिराजने, मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस फार भरभर बोलत होता. तुमच्या आजीच्या डबीत असा रुपया असेल तर तुम्ही लखपती आहात, आत्ताच उठा, थांबू नका. ऋषिराज उठला. आजीची डबी उघडली. होता.

त्या दिवशी लासुर्ण्याच्या त्या घरात भाकरीबरोबर ताटात बुलेट आली, स्लॅब आला, संभाजीची मोटरवर वैरण कापणारी कडबाकुट्टी आली, सुनेचा मिक्सर आला. मिक्सर सगळ्यात स्वस्त होता, म्हणून सून तो पुन्हा पुन्हा सांगत होती. कुशाबाईने ताटातलं कालवण पुसून खाल्लं.

रुपया तिचा होता. सासूने दिलेला. सासू बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायची, न्हाऊ घालायची. तिचे गुडघे गेले तेव्हा ते काम कुशाबाईकडे आलं आणि कामाबरोबर रुपया आला. तान्ह्या बाळाची बेंबी कधी फुगून बाहेर येते. मग न्हाणं झालं की तिच्यावर फडक्यात गुंडाळलेला रुपया ठेवायचा आणि वरून मऊ पट्टा बांधायचा. राणी खाली, अक्षरं वर. लासुर्ण्यातली, आजूबाजूच्या वस्त्यांवरची कितीतरी लेकरं त्या राणीला पोटावर घेऊन झोपली. आणि दर लेकराच्या आधी कुशाबाई रुपया चिंचेने घासायची, मग राखेने, मग उकळत्या पाण्यात टाकायची. लेकराच्या अंगाला लागणारी वस्तू. तिला मळ चालत नसे.

हल्ली बोलावणी कमी झाली होती. जी यायची ती अशी यायची: कुशामावशी, उद्यापासनं या, आन् रुपाया घिऊन या. रुपयाचं नाव न काढता तिला कुणी बोलावलं, असं तिच्या आठवणीत नव्हतं. म्हणजे रुपया गेला की बोलावणं गेलं. आणि बोलावणं गेल्यावर सकाळी उठून कुठे जायचं?

हे ती कुणाला बोलली नाही. संभाजीशी तिने फक्त करार केला. चांदीच्या भावापेक्षा जास्त कुणी दिलं, तर विकून मोकळं व्हायचं, ती हूं की चूं करणार नाही. चांदीच्याच भावात बसला, तर घरात परत रुपयाचं नाव काढायचं नाही. संभाजी लगेच तयार झाला. व्हिडिओ त्यानेही बघितला होता.

असं ते बारामतीला गेले. रुपया एक, माणसं दोन. एकाला तो महाग निघायला हवा होता, दुसरीला स्वस्त. दुसरीने निघण्याआधी मोरीत बसून तो आणखी एकदा घासला. जरा जोरातच.

भाव, पहिला

सोनाराने रुपया काट्यावर ठेवला. चांदी खरी आहे, म्हणाला. संभाजी पुढे सरकला. पण झिजलाय, वजनाला कमी भरतो, म्हणाला. संभाजी मागे सरकला.

“बराच कमी?” कुशाबाईने विचारलं.

“चांगलाच की.”

तिने पाणी मागितलं आणि तांब्या वर धरून घटाघटा प्याली. डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर पितात तसं.

मोडीत घातला तर आजच्या चांदीच्या भावाने जे होतील ते होतील, सोनाराने सांगितलं, त्यातही वजनाची घट धरावी लागेल. कुशाबाईने रुपया उचलून कमरेच्या पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या आणि संभाजीला चल म्हणाली. ती दुकानाची पायरी उतरलीसुद्धा होती.

तेवढ्यात सोनाराच्या मनात दया आली. नको तेव्हा येते तशी. संभाजीचं तोंड बघून तो म्हणाला, “आम्ही मोडीचा भाव सांगणार, पाव्हणं. जुन्या नाण्याचा भाव निराळा, तो आमच्या काट्यावर दिसत न्हाय. इंदापुरात आनंद सर म्हणून हायेत, बँकेतनं रिटायर झालेले. नाण्यांचा नाद हाय त्यांना. त्यांना दाखवा.”

कुशाबाई पायरीवर थांबली. सोनाराकडे तिने असं बघितलं की त्याने उगाच मखमल झटकली.

वाटेत घर लागतं

बारामतीहून इंदापूरला जाणारी एसटी लासुर्ण्यावरूनच जाते. कुशाबाईला तिकीट लागत नाही, पंचाहत्तरी कधीच ओलांडली आहे. कंडक्टरला आधार कार्ड दाखवून ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंना ऊस. लासुर्णे आलं तशी उठली.

“आलं की आपलं.”

“बस खाली, आये.”

“भूक लागलीया मला. भाकरी खाऊ आन् जाऊ उद्या-परवा.”

“बस म्हनतो न्हवं.”

बसली. घराकडे जाणारा रस्ता खिडकीतून सरकत मागे गेला. संभाजीने तिला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. मग बराच वेळ रस्त्याकडे बघत हळूहळू बोलत राहिला. कडबाकुट्टी आली तर तीन गायींच्या पाच होतील. त्याच्या बायकोचे खांदे दुखतात कोयत्याने वैरण तोडून. आणि तूसुद्धा किती दिवस लोकांच्या मोऱ्यांमध्ये बसून न्हाणी घालणार, या वयात? घरात बसावं. नातवंडांना सांगावं, पाणी आण, चहा आण.

तो मनापासून बोलत होता, हीच अडचण होती. कुशाबाई एकेक शेंगदाणा सोलून सालं खिडकीबाहेर सोडत राहिली. तिचा पोरगा वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं.

भाव, दुसरा

आनंद सरांनी पांढरे हातमोजे घातले. त्यांच्या पत्नी सरोजिनीताईंनी चहा ठेवला. टेबलावर दिवा, भिंग, मऊ कापड. संभाजीने दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेत बसतात तसे.

सर नाण्याबद्दल जे जे म्हणाले, आणि तेव्हा जे जे झालं:

कडेचे दात झिजले आहेत. (कुशाबाईने डोळे मिटले आणि उघडले.)

चेहरा तर गेलेलाच आहे. (तिने बशीत चहा ओतला.)

सालाचा शेवटचा आकडा गुळगुळीत झाला आहे. काही सालांचे रुपये शोधत हौशी लोक गावोगाव फिरतात, भरपूर पैसे मोजतात. हा त्यातला असेलही, पण आता कुणीच सांगू शकणार नाही. (संभाजीने “आरं देवा” म्हटलं. कुशाबाईने बिस्किट उचललं.)

आणि हे काय आहे, हे ओरखडे? हे तर अगदी ताजे दिसतात. (बिस्किट चहात पडलं.)

“आजी, हे नाणं तुम्ही घासता की काय?”

“मग? तसंच ठिवायचं व्हय काळं?”

“कशाने?”

“चिंचंनं. मग राखंनं.”

सरांनी भिंग खाली ठेवलं. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, त्याच्यावर चढलेला काळपट रंग हीच त्याची किंमत असते, तो एकदा गेला की हौशी माणूस हातसुद्धा लावत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. कुशाबाई मान हलवत ऐकत होती, आणि दर वाक्याला तिचा चेहरा असा उजळत चालला की सरोजिनीताई नवऱ्याकडे बघायचं सोडून तिच्याचकडे बघत राहिल्या.

“म्हंजी चांदीचाच भाव,” कुशाबाई म्हणाली.

“चांदीचाच.”

“ऐकलंस का रं?”

संभाजीने ऐकलं होतं. तो हातमोज्यांकडे बघत होता.

मग सर सहज म्हणाले, पण एवढा घासलात कशासाठी? कुशाबाई जिंकलेली होती, आणि जिंकलेल्या माणसाला बोलायला आवडतं. तिने सगळं सांगितलं. सासू, बेंब्या, राणी खाली, अक्षरं वर. सर ऐकता ऐकता पुढे झुकले. त्यांनी नाणं परत हातात घेतलं, आणि या वेळी भिंग घेतलंच नाही.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

आत

सरांची मुलगी आसावरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी. केस विंचरलेले नव्हते, डोळ्यांखाली काळं, मांडीवर महिन्याभराची पोर ताठ होऊन रडत होती. सरोजिनीताई थांबवणार तोवर कुशाबाई उंबऱ्याच्या आत होती. पोरीची बेंबी बाहेर आलेली तिने लांबूनच बघितली. आसावरीने ते बघितलं आणि दुपटं ओढून घेतलं.

“हिच्या पोटावर काहीही ठेवायचं नाही,” ती म्हणाली. बाहेरचं बोलणं तिने ऐकलं होतं. “डॉक्टरांनी सक्त सांगितलंय. ती आपोआप जाते आत.”

“बराबर सांगितलंय डाक्टरनं,” कुशाबाई म्हणाली. “जाती तिच्या मनानं.”

आसावरी भांडायच्या तयारीत होती. तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

“मग तुम्ही रुपया ठेवायचात तो?”

“रुपायानं काय हुतंय? ह्या माझ्याच पोराची बग. किती दिस बांधला ह्याला. अजून भाईर हाय, शर्टाच्या बटनावानी.”

बाहेरच्या खोलीत संभाजीने शर्ट खाली ओढला. सरोजिनीताईंना हसू आवरेना, त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. आसावरीच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“मग ठेवायचात कशाला?” तिने पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

“लेकरासाठी न्हवं, बाय. आईसाठी. रुपाया ठिवला म्हनलं की ती बघायची थांबती. निवांत पडती.” कुशाबाई पलंगाच्या कडेला टेकली. “तुला झोप लागती का?”

 आसावरीने दुपटं सारखं केलं, मग परत उघडून बेंबी बघितली, मग परत झाकली. आपण हे आत्ता पुन्हा केलं, हे तिच्या लक्षात आलं.

“दे हिकडं,” कुशाबाई म्हणाली.

मोरीत पाट मांडला गेला. ऊन पाणी आलं, तेलाची वाटी आली. कुशाबाईने लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, पाय लांब केले आणि पोरीला पायांवर पालथं घातलं. तिची बोटं पाठीवरून खाली आली, परत वर गेली. काय आवळून बसलीया गं, कुनाचा राग हाय एवढा, आईचा का बापाचा, बापाचाच आसंल, सोड की आता. पोर आणखी दोन हुंदके देऊन गप्प झाली. मग एक सुस्कारा, म्हाताऱ्या माणसासारखा. आसावरी मोरीच्या दाराशी बसली होती, नजर पोरीवर. पाण्याचा पहिला तांब्या पडला तेव्हा तिने डोळे मिटले. दुसरा पडला तेव्हा तिचं डोकं चौकटीला टेकलेलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं.

बाहेर, त्याच वेळी

आनंद सर संभाजीला म्हणाले की बाजारात या नाण्याला काही किंमत नाही, हे त्यांनी सांगितलं ते खरंच आहे. पण त्यांना ते हवं आहे. विकायला नाही, स्वतःजवळ ठेवायला. कपाटातली सगळी नाणी कुणी न हाताळलेली, म्हणून महाग. हे एकच हाताळलेलं असेल. चांदीच्या भावाच्या पाचपट देतो, म्हणाले.

संभाजीचं गणित लगेच झालं. कडबाकुट्टीचे निम्मे. उरलेले जमवता आले असते. आणि करार तर करारच होता, चांदीच्या वर कुणी दिलं तर विकायचा. आये हूं की चूं करणार नव्हती. तिने शब्द दिला होता आणि ती शब्द पाळणारी बाई होती.

तिला सांगायला तो उठला. आतल्या खोलीपर्यंत गेला. मोरीच्या दारातून त्याला आईचे लांब केलेले पाय दिसले, काळे, नसा वर आलेले, आणि त्या पायांवर ते गोरंपान पोर. आई पाणी ओतत होती आणि काहीतरी बडबडत होती. असं बोलताना, असं बसताना त्याने तिला कधीच बघितलं नव्हतं. हे काम ती नेहमी दुसऱ्यांच्या घरी करायची. त्याची स्वतःची पोरं झाली तेव्हाही तो त्या वेळी रानात असायचा. त्याला ठाऊक होती ती संध्याकाळची, गुडघ्यांना तेल चोळत बसणारी बाई. ही दुसरीच होती. हिचं वय सांगता आलं नसतं.

तो आला तसा मागे फिरला.

“सर,” तो म्हणाला, “तुमी नाकवाली राणी बघा कुठं मिळाली तर. हिला ऱ्हाऊ द्या.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि हातमोजे काढले. “बरं.”

“आन् तुमी पाचपट म्हनला, ते तिला कळायला नगं.”

स्टँड

निघताना सरांनी रुपया कुशाबाईला परत दिला. सरोजिनीताईंनी तिची ओटी भरली आणि विचारलं, “उद्यापासून याल का? आसावरी इथे आहे तोवर?” जायला-यायला एसटी आहेच, सकाळी आलात तर दुपारी परत, जेवण इथेच. त्या आणखीही पुष्कळ बोलल्या. रुपयाचं नाव त्यांनी काढलं नाही. कुशाबाई त्यांचं बोलणं संपेपर्यंत वाट बघत राहिली. मग त्या कुंकू लावायला पुढे आल्या, तरी नाही. तेव्हा ती म्हणाली, चपला राहिल्या आत, आणि आतल्या खोलीत, जिथे आसावरी आता पलंगावर गाढ झोपली होती, तिथे पुन्हा जाऊन आली. चपला तर बाहेर जोत्याखाली होत्या.

इंदापूरच्या स्टँडवर गर्दी होती, सोलापूरकडच्या गाड्या येत-जात होत्या. संभाजीने दोन ग्लास रस घेतले. कुशाबाईने आपला संपवला आणि त्याच्यातलाही थोडा घेतला. आज ती फार बोलत होती. उद्या कितीची गाडी, कुठलं लुगडं, घरचं तेल न्यायला हवं, तिथलं बाटलीतलं काही कामाचं नाही.

“रुपाया नीट ठिवलास न्हवं?” संभाजीने विचारलं.

“ठिवला की.”

“कुठं?”

“त्या बाळंतिणीच्या उशाखाली. जागी झाली की सापडंल तिला.”

संभाजी ग्लास हातात घेऊन उभा राहिला. लांबून बारामतीची गाडी वळताना दिसली. त्याला एकदम हसू आलं, असं की रस सांडला.

“काय झालं रं?”

“काय न्हाय. चढ.”

लासुर्णे यायच्या आत तिला झोप लागली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर घसरलं. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं किंचित वाकलेली, तळव्यांवर अजून तेलाची चकाकी. गाडी गचके खात होती आणि संभाजीने पुढच्या सीटचा दांडा धरून खांदा तेवढा हलू दिला नाही.